मुलीच्या खेळासाठी घर बदललं!

मुलीला शाळेत बास्केटबॉल खेळायचं आहे, पण गावातल्या शाळेत मुलींचा संघच नाही. अशा वेळी आपण काय करू? बहुतेक घरांत एकच उत्तर मिळेल, "मग दुसरं काहीतरी खेळ."

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या हेड नावाच्या शेतकरी कुटुंबाने मात्र चक्क घर बदललं. १९६० च्या दशकातली ही गोष्ट. ज्या भागातल्या शाळेत मुलींचा संघ होता, तिथे ते राहायला गेले. तीन मोठ्या भावांबरोबर धसमुसळं खेळून तयार झालेली ती मुलगी म्हणजे पॅट. पुढे सगळं जग त्यांना पॅट समिट म्हणून ओळखू लागलं.

घराने साथ दिली, तरी बाहेरची वाट सोपी नव्हती. भावांना कॉलेजमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. पॅट यांच्या वेळी मुलींना ती नव्हतीच, त्यामुळे फी आईवडिलांनी भरली. १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेदभाव करायला त्याने बंदी घातली. पण कायदा झाला म्हणून मैदानावरचं चित्र लगेच बदललं नाही.

१९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २२. काही खेळाडू तर त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान! पगार महिन्याला २५० डॉलर. सामन्याला जाताना व्हॅन त्याच चालवायच्या आणि मुलींचे गणवेशही स्वतःच धुवायच्या. पहिलाच सामना त्या एका गुणाने हरल्या.

त्याच काळात त्यांचं स्वतःचं खेळणंही सुरू होतं. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरून त्या १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळल्या. महिलांच्या बास्केटबॉलचं ते पहिलंच ऑलिंपिक. तिथे अमेरिकेला रौप्यपदक मिळालं. आठ वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्या प्रशिक्षणाखाली अमेरिकेच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं.

टेनेसीमध्ये त्या ३८ वर्षं प्रशिक्षक होत्या. या काळात १०९८ सामने जिंकले, २०८ हरले आणि आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९९७-९८ च्या हंगामात तर संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेच्या अव्वल कॉलेज बास्केटबॉलमध्ये, पुरुष किंवा महिला, कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर इतके विजय नव्हते.

मला मात्र त्यांचा एक वेगळाच नियम जास्त आवडतो. खेळाडूंनी वर्गाला दांडी मारायची नाही आणि बसायचं ते पहिल्या तीन रांगांमध्येच! मागच्या बाकावर लपायची सोयच नाही. त्यांच्याकडे आपला खेळण्याचा काळ पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलीने पदवी मिळवली. चषक कपाटात राहतो, पण पदवी आयुष्यभर उपयोगी पडते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं की आपल्याला अल्झायमर झाला आहे. लपवलं नाही, लाजल्या नाहीत. सहायकांच्या मदतीने आणखी एक हंगाम त्या संघासोबत राहिल्या. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी आपली शिट्टी हॉली वॉर्लिक यांच्या हाती दिली. हॉली म्हणजे एकेकाळची त्यांचीच खेळाडू आणि मग अनेक वर्षांची सहायक. या आजाराविरुद्ध काम करण्यासाठी पॅट यांनी एक संस्थाही सुरू केली. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

विसरणं हे फक्त 'वय झालं' म्हणून सोडून द्यायचं नसतं, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. घरात कोणी तेच तेच विचारत असेल, रोजची कामं विसरत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, आपल्याकडे दहावीचं वर्ष आलं की मुलींचे खेळाचे बूट माळ्यावर जातात. "आता अभ्यास कर, खेळ नंतर." हा 'नंतर' बहुतेक वेळा येतच नाही. पॅट यांच्या मुलींनी तर दोन्ही करून दाखवलं. आपल्याला घर बदलायची गरज नाही. तिची संध्याकाळची तासाभराची प्रॅक्टिस चालू ठेवली, तरी पुष्कळ झालं.

तुमच्या घरात असे बूट कुठे ठेवलेत? आज एकदा बघा.