चिखलाखालच्या विटा

सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात यंदाही दिवाळीचा किल्ला झाला आहे. खाली विटा, त्यांवर गोणपाट, वर चिखल आणि उतारावर पेरलेले हळीव. यंदाचा गड सिंहगड. कड्यावर बोट ठेवून छोट्या किल्लेदाराने मला माहिती पुरवली, "काका, तानाजी इथून चढले. ते गेले म्हणून याला सिंहगड म्हणतात."

त्याला हे कुणी सांगितले? कागदांनी तर नव्हे. गडाचे हे नाव १६७० च्या लढाईआधीच्या पत्रांतही सापडते. सभासद बखरीत शिवाजी महाराज गड मिळवताना गडासारखा माणूस गमावल्याचे दुःख करतात. तिथे सिंह नाही. सिंह आपल्या तोंडी बसवला तो पोवाड्यांनी आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने. शंभराहून अधिक वर्षे आपण गडाकडे त्याच शब्दांतून पाहतो आहोत.

एवढी ताकद असलेल्या ऐतिहासिक कादंबरीची आपण समीक्षा मात्र दोनच प्रकारे करतो. एक जण 'ओघवती भाषा, खिळवून ठेवणारे प्रसंग' म्हणत पाठ थोपटतो. दुसरा तिथी-मित्यांच्या चुका मोजतो. लेखकाने विटा कुठे रचल्या आणि चिखल कुठे लिंपला, हे दोघेही विचारत नाहीत.

माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे इतिहासाला ठाऊक आहे. त्या दोघांचे एकांतातले बोलणे कोणत्या दफ्तरात मिळणार? 'स्वामी'त रणजित देसाईंनी ते लिहिले. कागद जिथे गप्प आहेत, तिथे कादंबरीकाराने बोलावेच. तो त्याचा हक्क आहे. कागद बोलत असताना त्यांचे तोंड दाबणे ही वेगळी गोष्ट. या दोहोंतला फरक वाचकाला दाखवणे हे समीक्षकाचे काम.

कधी कधी विटा दुसऱ्याच कुणी भाजलेल्या असतात. वा. सी. बेंद्र्यांनी अनेक वर्षे साधने धुंडाळून १९६० मध्ये संभाजीराजांचे चरित्र सिद्ध केले आणि बदनामीची पुटे खरवडली. पुढे १९७९ मध्ये शिवाजी सावंतांचा 'छावा' आला आणि नव्या उजेडातले राजे घरोघर पोहोचले. 'छावा'वर लिहिताना बेंद्र्यांचे नाव राहून गेले, तर ते परीक्षण अर्धेच. देसाईंच्याच 'श्रीमान योगी'च्या वाचकाला मात्र हा धडा पुस्तकातच मिळतो. नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र तिथे प्रस्तावना म्हणून छापले आहे. इतिहासाचे अवघड प्रश्न आधी, कादंबरी नंतर!

या अंकातल्या परीक्षणांसाठी आम्ही लेखकांना म्हणूनच एक अट घातली होती: कादंबरी आवडली का, हे जरूर सांगा, पण ती कशावर उभी आहे, हेही सांगा. काहींनी लाडक्या पुस्तकांवरही कठोर लिहिले आहे. वाचकांनी रागवावे, पत्रे पाठवावीत.



जाता जाता त्या किल्लेदाराला विचारले, "ही विहीर गडावर खरंच आहे का रे?"

तो म्हणाला, "नाही काका. आईची एक जुनी वाटी मिळाली, म्हणून केली."

शुभ दीपावली!

— संपादक