ब्रेक फेल झालाच नव्हता

गेल्या जुलैत मी एक खोटी बातमी दिली. तीन ओळींची होती. "ब्रेक निकामी झाल्याने कार घाटातील कठड्यावर आदळली. सुदैवाने जीवितहानी नाही." गाडी माझा सख्खा भाचा चालवत होता आणि शेजारी माझी बहीण बसली होती. तिचं मनगट मोडलं. बातमीत ते "किरकोळ जखमी" झालं.

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात जुनी गाडी आणि विशीतला मुलगा दोन्ही आहेत, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

भाच्याची हॅचबॅक एबीएसच्या आधीच्या काळातली. पुढे डिस्क, मागे ड्रम. मे महिन्यात त्याने पुढच्या दोन चाकांना भंगारातले, एका मोठ्या गाडीचे कॅलिपर बसवून घेतले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा चिमटा. बोल्टची भोकं जुळेनात, म्हणून लोखंडी पट्टी कापून ब्रॅकेट केलं. कुठल्या जाडीची, कुठल्या लोखंडाची? जी गॅरेजात पडली होती ती. वर लाल रंग मारला, अलॉयच्या फटीतून दिसावा म्हणून. मग व्हिडिओ निघाला.

"मामा, बसून तर बघ. पेडल जरा खाली जातं, पण नुसता पाय ठेवला की गाडी जागच्या जागी!" मी बसलो. बाजारपेठेत, कोरड्या रस्त्यावर, चाळिसाच्या आतल्या वेगात गाडी खरंच करकचून थांबली. मी पाठ थोपटली. ती थाप आता मला टोचते.

जुलैत घाट उतरताना वळणावर समोरून एसटी आली. रस्ता ओला, वर पालापाचोळा. पोराने ब्रेक मारला आणि पुढची दोन्ही चाकं जाम झाली. स्टेअरिंग फिरवतोय, गाडी मात्र सरळच चाललीय. जाम झालेलं चाक वळत नाही, घसरतं. कठडा होता म्हणून आज बहीण माझ्याशी बोलते आहे. कागदावर "ब्रेक फेल" लागलं, आणि घरची अब्रू, विम्याची भीती, सगळंच त्यात झाकलं जात होतं म्हणून मीही तेच छापायला दिलं. ब्रेक फेल नव्हता हो झाला. ब्रेक लागला होता. पुढचा एकटाच.

हे मला आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने शिकवलं. मी पत्रकारितेची पदविकावाला, इंजिनिअर नव्हे. त्यांनी पेपरच्या समासात पेन्सिलीने मांडून दाखवलं. समजा मूळ कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटर व्यासाचा आणि नवा ५४ चा. व्यास सहानेच वाढला, पण क्षेत्रफळ जवळपास २७ टक्के वाढलं. म्हणजे तेवढ्याच दाबात पुढची चाकं २७ टक्के जास्त आवळली जाणार. ऑइलही त्या प्रमाणात जास्त लागणार, मास्टर सिलिंडर मात्र जुनाच. म्हणून पेडल खाली जातं. पोराला जे "शार्प" वाटत होतं ते हेच.

आणि मागचे ड्रम? ते होते तिथेच. आता पाय हलका ठेवला तरी गाडी थांबते, म्हणजे लाइनमधला दाब कमी, म्हणजे मागच्या चाकांचं काम आणखी कमी. ओल्यात पुढची चाकं आधी सुटतात आणि मागची नुसती सोबतीला येतात. गाडी शेवटी थांबवतो तो टायर आणि रस्ता. जे ब्रेक मुळातच चाक जाम करू शकत होते, त्यांना मोठा कॅलिपर लावून गाडी लवकर थांबत नाही. ओल्या रस्त्यावर उलट उशिरा थांबू शकते. पैसे देऊन ब्रेक बिघडवून घेतला आम्ही.

मेस्त्रींनी चाक उघडल्यावर आणखी मौज दिसली. डावीकडचा कॅलिपर उजवीकडे. त्यामुळे हवा काढायचा निपल खालच्या बाजूला. हवा वर चढते, निपल खाली. कितीही पंप मारा, ती निघायची कशी? शिवाय त्या मोठ्या गाडीची डिस्क जाड, ह्याची पातळ. पॅड झिजत जाईल तसा पिस्टन ती जादा पोकळी भरायला बाहेर येत राहणार. सील सोडून बाहेर आला की ऑइल रस्त्यावर, आणि तेव्हा मात्र खरोखरचा ब्रेक फेल.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला ठाऊक आहे. "काका, आम्ही नीट करतो, सगळेच भंगारवाले नसतात." मान्य. मोठी डिस्क जास्त उष्णता पचवते, लांब उतारावर तिचा उपयोग होतो, हे खरं आहे. त्याच कुटुंबातल्या वरच्या मॉडेलचा सगळा संच, म्हणजे डिस्क, कॅलिपर, होज, मास्टर सिलिंडर आणि मागचा हिशेबही जुळवून बसवणारे जाणते लोक आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे नुसता पुढचा चिमटा बदलून "अपग्रेड" म्हणणाऱ्यांशी. बाळांनो, शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललंत? नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषून जुनं झालेलं १४० च्या आसपास. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पेडल तळाला. कुंभार्ली असो की आंबा, घाटात बहुतेकांना हवं असतं ते ताजं ऑइल, बरे टायर आणि दुसरा गिअर. पण ताज्या ऑइलचा व्हिडिओ कोण बघणार?

आणि सरकार? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. वाचायला कडक आहे. कॅलिपर बदलणं हा कलम ५२ मधला "बदल" की साधी दुरुस्ती, यावर वकील संध्याकाळपर्यंत भांडतील. पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तेवढ्या काळात तिची चाकं उघडून कुणी बघणार नाही. रस्त्यावर पकडतात काय? काळी काच, सायलेन्सर, फॅन्सी नंबरप्लेट. जे दिसतं, ऐकू येतं ते. ब्रेक ना दिसतो, ना वाजतो.

दंड आहे, पण दरवाजा नाही. प्रामाणिक मेस्त्रीने काम केलं आणि म्हणाला, "साहेब, तपासून द्या," तर त्याने जायचं कुठे? प्रत्येक चाकाचा ब्रेक किती लागतो ते रोलरवर मोजणारी यंत्रं स्वयंचलित फिटनेस केंद्रांवर आहेतच. फी घ्या, खासगी गाड्यांनाही येऊ द्या, पुढचा-मागचा आकडा कागदावर द्या, बसत नसेल तर नापास करा. ते होत नाही तोवर हा धंदा शटर अर्धं खाली ओढून चालणार, आणि ज्याला सर्वात कमी येतं तोच सर्वात स्वस्तात करून देणार.

राहिलो आम्ही पत्रकार. वीस वर्षांत "ब्रेक फेल" किती वेळा लिहिलं असेन, मोजदाद नाही. एकदाही विचारलं नाही की चाक उघडलं का, आत काय निघालं. प्रेसनोट आली, नावं-वयं तपासली, पाठवली. यापुढे माझ्या बातमीत हे दोन शब्द येणार असतील तर गाडी कुणी तपासली आणि काय सापडलं, तेही येईल. नाही कळलं तर "कारण तपासलेलं नाही" असं छापीन. तालुक्यातल्या मित्रांनो, तुम्हीही करून बघा. ज्या मेस्त्रींना काही सांगायचं आहे त्यांनी इनबॉक्समध्ये या, नाव छापणार नाही.

भाच्याची गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मूळ कॅलिपर परत बसवू म्हटलं, तर कळलं की ते त्याने बदल्यात भंगारवाल्याला देऊन टाकले होते. मी जाऊन विचारलं. ते त्याच आठवड्यात गेले म्हणाला. कुणीतरी आपल्या गाडीला लावायला घेऊन गेला.