पुस्तकी मूल्य शून्य, उपयोग मात्र शिल्लक



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक घरांतील सुस्थितीतले संगणक जणू एका दिवसात कालबाह्य ठरले. ज्या घरात संगणकावर खेळणारी मुले आहेत, तेथे नव्या संगणकाची मागणीही पुढे आली असेल. त्या मागणीला होकार किंवा नकार देण्यापूर्वी एक तिसरा मार्ग पाहावा, असे सुचवावेसे वाटते.

बँकेच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी ३३.३३ टक्के घसारा आकारला जातो. तीन वर्षांत त्याचे पुस्तकी मूल्य संपते. चौथ्या वर्षी तोच संगणक काउंटरवर मुकाट्याने काम करीत असतो. पुस्तकी मूल्य आणि उपयोगमूल्य यांतील हा भेद घरातही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खेळांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत आधी मागे पडते ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरील चित्र क्षणोक्षणी रेखाटणारा भाग. डेस्कटॉपमध्ये हे कार्ड सुटे असते व बदलता येते. लॅपटॉपमध्ये सहसा ती सोय नसते.

प्रणालीलाही पर्याय आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, सुधारता आणि वाटता येते. त्यावर काम करणाऱ्या अनेक अभियंत्यांना कंपन्या वेतन देतात हे खरे. तथापि कामाचे फलित सर्वांना खुले राहते. आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांपैकी शास्त्रदानाचे वैशिष्ट्य असे, की दिल्याने दात्याचे काही उणे होत नाही. लिनक्सचा व्यवहार याच तत्त्वाशी मिळताजुळता आहे.

कार्ड निवडताना हाच विचार व्यवहारात उपयोगी पडतो. प्रत्येक कार्डाला प्रणालीशी संवाद साधण्यासाठी ड्रायव्हर नावाची आज्ञावली लागते. एएमडीने २००७ मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले. आज तिचा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. एनव्हिडियाने मात्र आपला ड्रायव्हर दीर्घकाळ बंदिस्त ठेवला. २०१२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी याबद्दल जाहीरपणे तीव्र संताप व्यक्त केला होता. २०२२ मध्ये या कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्याशी निगडित भाग खुला केला, पण तो तुलनेने नव्या कार्डांसाठी. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १० मालिकेसाठी ५८० हीच ड्रायव्हरची शेवटची शाखा असल्याचे तिने जाहीर केले आहे. कुलूप दुसऱ्याच्या हाती असले, की वस्तूचे आयुष्यही तोच ठरवितो. ड्रायव्हर खुला असेल, तर कंपनीने पाठ फिरविल्यावरही इतरांना त्याची निगा राखता येते.

एनव्हिडियाचे कार्ड काढून एएमडीचे बसवायचे असल्यास क्रम सोपा आहे. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. लिनक्स आधीपासून असेल, तर जुना बंदिस्त ड्रायव्हर काढून टाकावा आणि प्रणाली अद्ययावत करावी. कार्ड गाभ्यापेक्षा नवे असेल तर ते ओळखले जात नाही. नंतर वीज बंद करून, धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी आणि मगच कार्ड बदलावे. पडद्याची केबल मदरबोर्डला न जोडता नव्या कार्डालाच जोडावी. खरेदीपूर्वी दोन मापे अवश्य घ्यावीत: कॅबिनेटमधील मोकळी जागा आणि वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसची क्षमता. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते.

आता प्रश्न खेळांचा. विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम लिनक्सवर चालविणारा वाइन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. नाव ऐकून दचकू नये. त्याचा मद्याशी काही संबंध नाही. त्याच्याच आधारावर वाल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. विंडोजच्या भाषेतील चित्ररेखाटनाच्या आज्ञा ते लिनक्सला समजणाऱ्या भाषेत वळविते. याच कंपनीचे २०२२ मध्ये बाजारात आलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र लिनक्सवरच चालते. परिणामी स्टीमवरील असंख्य खेळ आज फारशी खटपट न करता लिनक्सवर चालतात.

सर्वच चालतात असे मात्र नाही. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. त्यांतील लबाडी रोखणारी यंत्रणा तेथे आडवी येते. मुलाचा सारा मित्रपरिवार संध्याकाळी हेच खेळ खेळत असेल, तर आपण बाहेर पडल्याचे त्याचे दुःख वडीलधाऱ्यांनी क्षुल्लक मानू नये. म्हणून त्याच्याकडून आवडत्या खेळांची यादी मागवावी, कोणते चालतात ते आधी तपासावे आणि निर्णयात त्याला सहभागी करून घ्यावे. त्याच बैठकीत खेळांमधील हिंसेविषयीही बोलता येईल. पडद्यावर जीव मरत नाही, पण मनातील भाव कोणते जोपासले जातात, हा विचार भावहिंसा जाणणाऱ्या आपल्या घरांना नवा नाही. कोडी, शर्यती, नगररचना असे कितीतरी खेळ याच कार्डावर उत्तम चालतात.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर तिच्याविषयीच्या आसक्तीत पाहिले आहे. नवा संगणक घेणे हा दोष नव्हे. गरज न तपासता घेणे हा दोष होय. यासाठी प्रथम पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे. त्याने मूळ डिस्कला धक्का लागत नाही. मुलांचा अभ्यास, घरातील छपाईयंत्र आणि वाय-फाय यांचे काम सुरळीत चालते का, हे आठवडाभर तपासावे. मगच कार्डाचा खर्च करावा. जुने कार्ड चालू असेल तर गरजू विद्यार्थ्याला द्यावे. निकामी असेल तर भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे. इतके करूनही गरज भागली नाही, तर नवा संगणक निःशंक मनाने घ्यावा.