मोजता आलं तरच मर्यादा कळते



मुलांचं गणित कच्चं दिसलं की आपण लगेच शिकवणी लावतो. माझं मत असं, की आधी घरच्यांनी त्यांना चालत न्यावं आणि मोजायला लावावं. हे काम आजी उत्तम करू शकते. मी बी.कॉम. झाले, पण इथे गुणाकार-भागाकाराच्या पुढचं काही लागत नाही.

मोजमाप तर आपल्या धर्मातच आहे. 24 अंगुलांचा एक हात, 4 हातांचं एक धनुष्य, 2000 धनुष्यांचा एक कोस. पार्श्वनाथ भगवंतांची उंची 9 हात, महावीरांची 7 हात, हे पाठशाळेतली मुलं धडाधड सांगतात. पण शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या किती मुलांनी 9 हात म्हणजे केवढं, हे डोळ्यांनी पाहिलंय?

आम्ही गच्चीवर दोरी घेतली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. नातीचे 9 हात भरले 2 मीटर 88 सेंटिमीटर, तिच्या बाबांचे 4 मीटर 14. ती म्हणाली, “आजी, मग खरा हात कोणाचा?” आपल्या आचार्यांनी याचा विचार फार पूर्वीच केलाय. ‘तिलोयपण्णत्ती’त अंगुल तीन प्रकारचे सांगितलेत: देहाची उंची मोजायला उत्सेधांगुल, द्वीप-समुद्रांसाठी त्याच्या 500 पट प्रमाणांगुल, आणि कलश-झारीसारख्या वस्तूंसाठी त्या त्या काळच्या माणसांचा आत्मांगुल. सगळ्यांसाठी एक ठरलेलं माप का लागतं, हे नातीला त्या दोरीने समजलं.

दुसरा खेळ मंदिराच्या वाटेवरचा. दहा पावलं चालायचं, टेपने अंतर मोजून दहाने भागायचं. नातीचं पाऊल 40 सेंटिमीटर, माझं 50. घर ते मंदिर तिची 604 पावलं झाली, माझी 478. गुणाकार केला तर तिचं उत्तर 241.60 मीटर, माझं 239. पावलं इतकी वेगळी, पण उत्तरात तीन मीटरचाही फरक नाही! मुनिराज चार हात जमीन पाहून चालतात, तेवढं अंतरही तिने रस्त्यावर खडूने आखलं.

मला यात गणिताच्या मार्कांपेक्षा मोठी गोष्ट दिसते. दिग्व्रतात आपण दिशांची मर्यादा घेतो, देशव्रतात ती आणखी आवरतो. परिग्रह-परिमाणात तर ‘परिमाण’ हाच शब्द आहे. दीड फुटाचा हात धरला तर कोस होतो 12,000 फुटांचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त. हा हिशोब ठाऊक नसताना ‘इतक्या कोसांपलीकडे जाणार नाही’ म्हणणं म्हणजे नुसते शब्द. किती आहे हेच कळलं नाही, तर किती पुरे हे कसं ठरवणार? आपल्या मुलांना ‘पुरे’ म्हणता यावं, असं वाटत असेल तर आधी त्यांना मोजता यायला हवं.

येत्या रविवारी मंदिरात जाताना गाडी घरीच ठेवा. नातवंडांना सोबत घ्या, पिशवीत एक टेप टाका. कोणाची किती पावलं झाली, ते मला जरूर कळवा.