वेतनमर्यादेची चौकट आणि पैशाची पळवाट

कोल्हापूर : महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या २०२३ मधील पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला २० लाख रुपयांची मर्यादा होती. त्यातील सहा लाख कोल्हापूर टस्कर्सने एकट्या नौशाद शेखवर खर्च केले. लिलावातील उर्वरित खेळाडूंसाठी १४ लाखच राहिले. वेतनमर्यादेचे मर्म हेच. एकावर सढळ खर्च केला, की दुसऱ्यासाठी हात आखडावा लागतो. मात्र खेळाडूंची अदलाबदल सुरू झाली, की हे गणित बदलते.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, अर्थात 'एनबीए'मध्ये, त्यासाठी लेखी सवलत आहे. मर्यादा ओलांडलेल्या संघाने खेळाडू देऊन बदल्यात कमी वेतनाचा खेळाडू घेतला, तर फरकाची रक्कम त्याच्या नावे सवलत म्हणून नोंदली जाते. ही रोकड नव्हे; साधारण वर्षभरात तेवढ्या वेतनाचा खेळाडू घेण्याची ती मुभा असते. गॉर्डन हेवर्ड २०२० मध्ये शार्लटकडे गेल्यावर बोस्टन सेल्टिक्सला अशी २ कोटी ८५ लाख डॉलरची सवलत मिळाली. तिच्याच एका भागातून पुढील मार्चमध्ये एव्हान फोर्निए संघात आला. २०२३ च्या करारानंतर सर्वाधिक खर्चिक संघांवरील निर्बंध आणखी कडक झाले.

आयपीएलमध्ये अशी सवलत साठवता येत नाही. खेळाडू गेला, की त्याचे वेतन तत्काळ संघाच्या शिलकीत जमा होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने १५ कोटींच्या हार्दिक पंड्याला गुजरात टायटन्सकडून परत आणले आणि साडेसतरा कोटींच्या कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूकडे सोपविले. त्यामुळे लिलावासाठी मुंबईकडे १७ कोटी ७५ लाख उरले. ग्रीन संघातच राहता, तर शिल्लक जेमतेम २५ लाख असती.

येथवर हिशेब चोख आहे. प्रश्न आहे तो हस्तांतराच्या मोबदल्याचा. पंड्यासाठी गुजरातला किती रक्कम मिळाली, हे अधिकृतपणे जाहीर झाले नाही. अशी रक्कम वेतनमर्यादेत धरलीही जात नाही. परिणामी, लिलावात सारे संघ समान पातळीवर असले, तरी अदलाबदलीत ज्याची थैली मोठी त्याचेच पारडे जड ठरते.

'एनबीए'च्या सवलतीला रकमेची आणि मुदतीची मर्यादा आहे. आयपीएलमधील या मोबदल्याला ती नाही. तो जाहीर करून त्याचा काही हिस्सा मर्यादेत धरणे, हा त्यावरील सरळ उपाय ठरू शकतो. अन्यथा लाखांत संघ बांधणाऱ्या राज्य पातळीवरील स्पर्धांनीही उद्या हाच कित्ता गिरवला, तर तेथील समतोल टिकणे अवघड आहे.