सागरी वारसा कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराष्ट्रातील अकरा व तामिळनाडूतील जिंजी अशा एकूण बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी झुंजत उभे राहिलेले चार दुर्ग आहेत. ही घटना स्वागतार्ह आहे यात संशय नाही. कोकण किनाऱ्यावर आता अधिक प्रवासी येतील, शाळांच्या सहली निघतील, सरकारी निधीही मंजूर होईल. परंतु होडीतून उतरून दुर्गाच्या दरवाज्यात पाऊल टाकणाऱ्या माणसाला तेथे काय सांगितले जाणार, हा प्रश्न या आनंदाच्या भरात कोणी विचारलेला दिसत नाही.

खांदेरीचेच उदाहरण घ्यावे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरील हे बेट बांधावयास घेतले, तेव्हा काम मायनाक भंडारी यांच्याकडे सोपवले होते. मुंबईकर इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी, तोफाही भारी. पण उथळ पाण्यातून व रात्रीच्या अंधारातून सामान पोचवणाऱ्या लहान मचव्यांपुढे त्यांचा इलाज चालेना. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात झालेल्या झुंजीत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांनी पकडले. मदतीला दौलतखानाचे आरमार होते. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली आणि तटबंदी उभी राहिली. हा पराक्रम राजाच्या दूरदृष्टीचा होता, तसाच तो भंडारी, कोळी, मुसलमान खलाशी आणि दगड वाहणारे मजूर यांचाही होता. थळचे कोळी आजही खांदेरीच्या वेतोबाला जातात. ते बेट त्यांच्या नित्याच्या दर्यातले आहे. सहलीला येणाऱ्या मुलांना तोफा दाखवल्या जातील. त्या तोफा कोणत्या हातांनी येथवर आणल्या, हेही त्यांना सांगितले गेले पाहिजे.

वारशाविषयीची आपल्या राज्यकर्त्यांची समजूत मालवणात उघडी पडली. सिंधुदुर्गासमोरच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिनेही पुरते लोटण्याआधी, तो कोसळला. समोर १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग लाटा झेलीत उभा होता. पुढे २०२५ साली त्याच जागी अधिक उंच पुतळा उभारण्यात आला. पडलेल्या पुतळ्याला सरकारने दिलेले उत्तर आणखी मोठा पुतळा हेच होते. वस्तुतः सिंधुदुर्गाच्या आत, राजाराम महाराजांच्या काळच्या शिवराजेश्वर मंदिरात, महाराजांची जी मूर्ती आहे ती कोळ्याची टोपी घातलेली आहे असे मालवणची माणसे अभिमानाने सांगतात. समुद्राचा राजा दर्यावर्दी प्रजेच्या वेषात पाहण्याची ही लोकांची दृष्टी आहे. ती सरकारने समजून घेतली असती, तर उंचीची स्पर्धा करण्याचे कारण पडले नसते.

मुंबईची कथा याहून निराळी नाही. या शहराच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे, पण मुंबईत नव्हे. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे कित्येक वर्षे खपून तिची दुरुस्ती करण्यात आली आणि तेथील लोक तिकीट काढून ती पाहतात. ब्रिटनमध्ये तरंगत राहिलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून तिचा गौरव होतो. मुंबईच्या सुतारांची कारागिरी दोनशे वर्षांनंतर परक्या देशात जतन होते, ही गोष्ट सुखद आहे आणि लाजिरवाणीही.

लाजिरवाणी अशासाठी की स्वतंत्र भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हिची मुंबईने काय गत केली हे सर्वांनी पाहिले आहे. १९६१ साली नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावलेली ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. पुढे काही वर्षे ती संग्रहालय म्हणून उभी होती. हजारो शाळकरी मुले तिच्या डेकवर चढली. २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद पडले, २०१४ मध्ये नौका लिलावाने भंगारात विकली गेली आणि दारुखान्यातील मजुरांनी तिचे तुकडे केले. आता नौदल गोदीच्या लायन गेटसमोर तिच्या धातूपासून घडवलेले एक स्मारक आहे. जी नौका सांभाळणे परवडले नाही, तिच्या भंगाराचे स्मारक मात्र परवडले.

अशा शहरात कुलाब्यातील एका छोट्या उद्यानात १९४६ च्या नाविकांच्या उठावाचे स्मारक आहे. बाकावर विसावणाऱ्या किती जणांना त्याचा अर्थ ठाऊक असेल? १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या तळावरील नाविकांनी निकृष्ट अन्न व गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता तो कराचीपर्यंत पसरला आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात उतरले. एम. एस. खान आणि मदन सिंग यांनी संप समितीचे नेतृत्व केले. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र फडकले. अरुणा असफ अली यांच्यासारखे मोजके नेते सोडले तर बड्या पुढाऱ्यांनी त्यांना शरणागतीचाच सल्ला दिला. २२ फेब्रुवारीला गिरणगावातील कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे पडली, परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच. दुसऱ्या दिवशी नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. स्वातंत्र्य आल्यावरही बडतर्फ झालेल्यांना नौदलाने परत घेतले नाही. हा देखील मुंबईचा सागरी वारसा आहे, आणि तो पाहण्यासाठी होडीचीही गरज नाही.

तेव्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. जलदुर्गांवरील फलकांवर राजे व सरदार यांच्या शेजारी बांधकाम करणारे, वल्हवणारे आणि लढणारे यांची माहिती सोप्या मराठीत लिहिली जावी. प्रवाशांची ने-आण व वाटाड्याचे काम बाहेरच्या ठेकेदारांच्या हाती न देता स्थानिक होडीवाल्यांच्या व कोळ्यांच्या सहकारी संस्थांकडे द्यावे; पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्या काळासाठी त्यांना आधार मिळावा. नौदल सप्ताहात मुलांना युद्धनौका दाखवण्याचा प्रघात आहे. सुरक्षिततेची काळजी घेऊन तेव्हाच जुन्या सुक्या गोद्याही दाखवता येतील. आणि दर वर्षी १८ फेब्रुवारीला मुंबईच्या शाळांनी कुलाब्याच्या त्या उद्यानात सहल न्यावी.

यांपैकी एकाही गोष्टीस पुतळ्याइतका खर्च येणार नाही. जागतिक यादीत नाव लागल्याने दगडांचे रक्षण कदाचित होईल. त्या दगडांवर ज्यांचा घाम सांडला त्यांची आठवण राखणे हे मात्र युनेस्कोचे काम नव्हे. ते महाराष्ट्राच्या सरकारचे आणि महाराष्ट्राच्या जनतेचे आहे.