पट्टा ओरडतो, त्याचं काय चुकलं?

गाडीच्या बॉनेटखालून 'चीऽऽ' असा आवाज आला की आपल्याकडे ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "बेल्ट टाईट करा." दुसरा म्हणतो, "कशाला? साबण लावा." या दोन पक्षांचं आपसांत हाडवैर असलं तरी एका मुद्द्यावर त्यांचं एकमत आहे : आवाज थांबला की दुरुस्ती झाली! माझं भांडण आहे ते या एकमताशी. रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोळा कोंबून "बघा, कसं शांत झालं" म्हणणाऱ्या माणसाला आपण डॉक्टर म्हणणार नाही. पण तोच उद्योग बॉनेटखाली करणाऱ्याला आपण खुशाल मिस्त्री म्हणतो, पैसे देतो आणि वर चहाही पाजतो.

मुळात हा पट्टा करतो काय? जुन्या पद्मिनी-ॲम्बॅसेडरच्या जमान्यात तो इंग्रजी व्ही अक्षराच्या घाटाचा, एकेरी असे. इंजिनाच्या पुलीवरून निघायचा, वॉटर पंप आणि त्याच्या नाकावर बसवलेला पंखा फिरवायचा, वाटेत डायनॅमोला वीज करायला लावायचा आणि परत कामावर हजर. म्हणून त्याचं नाव फॅन बेल्ट. आता बहुतेक लहान गाड्यांत पंख्याला स्वतंत्र विजेची मोटार मिळाली. पट्टा रुंद आणि चपटा झाला, पोटावर लांबच लांब खाचा आल्या, आणि अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप, अशी खाती त्याच्याकडे आली. पंखा गेला, तरी गॅरेजात नाव फॅन बेल्टच! (निवृत्त मामलेदार गावात मरेपर्यंत रावसाहेबच असतात, तसं.)

थोडक्यात, एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी त्याची गत. प्रत्येकाचं ओझं तिनं ओढायचं, कुणी अडून बसला, कुणी वाकडा चालला, तरी आवाज चढतो तो तिचाच, आणि शेजारी म्हणणार, "सून फार भांडखोर हो!"

बरं, तो ओरडतो तेही काही उगाच, एकाच सुरात नव्हे. कान देऊन ऐकलं तर निदान दोन निराळे आवाज ऐकू येतात. एक किंचाळी : लांबलचक, सकाळी गाडी सुरू करताना, पावसाळी हवेत, किंवा दिवे आणि एसी एकदम लावले की उठणारी. तिचा अर्थ, पट्टा पुलीवर घसरतोय. व्हायोलिनच्या तारेवर गज धरतो-सुटतो, धरतो-सुटतो, त्यातून सूर निघतो. इथेही रबर आणि लोखंड यांचा तोच खेळ चाललेला असतो, फक्त रियाज नसतो. सकाळीच का? तर स्टार्टरनं बॅटरी नुकतीच ओरबाडलेली असते, ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो, आणि तेवढा जोर ढिल्या पट्ट्याला पेलत नाही. दुसरा आवाज म्हणजे चिवचिव : तुटक, तालात, गाडी जागच्या जागी उभी असताना स्पष्ट आणि वेग वाढला की गर्दीत हरवणारी. तिचा अर्थ बहुधा असा की कुठली तरी पुली रांगेत नाही आणि पट्टा खाचेत तिरपा शिरतोय. आणि घरघर ऐकू आली, तर ती पट्ट्याची नव्हेच. ते कुणाचं तरी बेअरिंग शेवटचे श्वास घेतंय.

यांतला फरक ओळखायला परदेशी यंत्र लागत नाही. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी उडवायची फवाऱ्याची बाटली पुरते. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारायचं. आवाज चारदोन सेकंद बंद पडून परत आला, तर पुली वाकडी. पाणी पडताच उलट वाढला, तर पट्टा ढिला. झाली परीक्षा! (मात्र बाही वर दुमडा, मफलर घरी ठेवा आणि हात लांब. पट्ट्याला कापडाची फार ओढ असते.) एवढी फुकटची तपासणी असताना शंभरांतले किती मिस्त्री ती करतात हे तुम्हीच आठवून पाहा. पाना मात्र शंभरांच्या हातात आधीच असतो.

साबणवाल्यांचं मी समजू शकतो. साबण स्वस्त आहे, घरात आहे. पण डब्यातून फवारायचं ते चिकट औषध विकत आणून पट्ट्याला चोपडणारे लोक पाहिले की मला हसावं की रडावं कळत नाही. दोन दिवस शांतता. मग त्या चिकट्यावर रस्त्याची धूळ बसते, पट्टा सँडपेपर होतो आणि तिसऱ्या दिवशी मैफल पुन्हा सुरू, या वेळी वरच्या पट्टीत. शिवाय पट्ट्यावर मुळात कूलंट किंवा ऑइल ठिबकत असेल, तर ती गळती या लेपाखाली झाकून जाते ती निराळीच.

पण खरे शत्रू ते "टाईट करा"वाले. त्यांचा उपाय लागू पडतो, हाच त्यातला धोका. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या गाडीला चिवचिव लागली. किंचाळी नव्हे, चिवचिव. गॅरेजवाल्यानं वर्षात तीनदा पट्टा आवळला. दर वेळी आवाज बंद, गृहस्थ खूश. लग्नाला म्हणून साताऱ्याकडे निघाले. गाडीत ऐंशी वर्षांच्या मातोश्री, डिकीत लाडवांचे डबे. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल रेषेवर आणि बॉनेटमधून वाफा. भर उन्हात चार तास. शिरवळहून मिस्त्री आला, त्यानं पट्ट्यावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "काका, ही काय तंबोऱ्याची तार आहे का? कुणी ताणलाय एवढा?"

"अरे, आवाज येत होता ना."

"तो पंपाचा होता, काका. बेअरिंग हलत होतं, म्हणून पुली वाकडी चालत होती. ताणून ताणून त्याचा जीव घेतला."

पंप गेला, पाणी गेलं, शेवटी हेड खोलावं लागलं. मातोश्रींना दुसऱ्याच्या गाडीतून परत आणलं, त्या दोन दिवस अंथरुणावर होत्या. सुरुवातीलाच पंप बदलला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

तिसराही एक पंथ आहे, "बेल्टच बदलून टाका"वाल्यांचा. तो त्यातल्या त्यात सभ्य, कारण पट्टे खरोखरच झिजतात. जुन्या रबराला भेगा पडत, त्या दिसत. हल्लीच्या ईपीडीएम नावाच्या रबराला सहसा भेगा पडत नाहीत. ते टायरसारखं झिजतं, खाचा खोल होतात, आणि वरून पट्टा दिसतो नवरदेवासारखा. तेव्हा बदला, जरूर बदला. पण टेन्शनरची स्प्रिंग थकलेली असेल, तर नवा पट्टाही महिन्याभरात जुन्याचीच भाषा बोलू लागतो.

तेव्हा गॅरेजात "आवाज बंद करा" एवढं म्हणू नका. त्या वाक्यातच मिस्त्रीला साबणाची परवानगी आहे. "ओरडतंय कोण ते दाखवा" म्हणा. इंजिन थांबवून पट्टा उतरवायला सांगा, प्रत्येक पुली हातानं फिरवून बघायला सांगा. जी खरखरते किंवा डुगडुगते, तिच्याकडे आधी पाहायचं. जाणता मिस्त्री पट्टा काढून इंजिन काही सेकंद चालवूनही बघतो. आवाज तसाच राहिला तर पट्ट्याकडचे सगळे निर्दोष. एवढं करायला त्याला वेळ नसेल, तर गाडी वळवा आणि दुसरं गॅरेज गाठा. काट्यावर नजर ठेवा, एसी बंद ठेवा, आणि वाटेत पट्टा ओरडला तर ओरडू द्या.